रुग्णाचे आढ्यत्व आणि देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्था

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले. प्रत्येक पादाचे चार-चार गुणही पाठ केले. परीक्षा संपल्या आणि त्यांतील एका गुणाकडे आपले लक्ष पुन्हा फारसे गेले नाही. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात रोग्याचे गुण सांगताना पहिलाच गुण ‘आढ्य’ असा दिला आहे. सुश्रुताचार्यांनीही रोगी द्रव्यवान असावा असे म्हटले आहे. चरकसंहितेच्या खुड्डाकचतुष्पाद अध्यायात मात्र स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व एवढेच गुण येतात. संपत्तीचा उल्लेख नाही. परंतु त्याच सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात शोधनासाठी लागणारे घर, परिचारक, भांडी, औषधे यांची लांबलचक यादी दिल्यानंतर आचार्य सांगतात की, एवढी सामग्री सर्वांपाशी नसते आणि दारुण व्याधी काही दरिद्री माणसाला सोडून देत नाहीत. त्याने जमेल त्या साधनांनी औषध घ्यावे.

रोगी आढ्य नसेल तर काय, हा प्रश्न आपल्या संहिताकारांना पडला होता, हे यावरून स्पष्ट होते. गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत निरनिराळ्या राष्ट्रांनी या एकाच प्रश्नाला आपापली उत्तरे दिली. कोणी राजकोष आढ्य केला, कोणी विमानिधी, कोणी मालक. आणि कोणी रुग्णालाच आढ्य राहण्यास सांगितले. त्या त्या देशातील लोक आपल्या आरोग्यव्यवस्थेविषयी जे बोलतात, ज्या गोष्टीवर चिडतात आणि जिच्या रक्षणासाठी उभे राहतात, ते बहुतांशी या उत्तरावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वैद्याने आणि औषधालयचालकाने त्याचा विचार का करावा, हे पुढे येईलच.

प्रस्तुत लेखकाचा दवाखाना खराडीत आहे. १९९७ साली खराडी पुणे महानगरपालिकेत आली, तेव्हा नगर रस्त्याच्या आत वळले की शेते लागत. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. जुने गावकरी, चंदननगरातील श्रमिक, त्या इमारतींत काम करणारे अभियंते आणि त्यांचे सुरक्षारक्षक असे सर्व जण एकाच बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतात. परदेशी असलेल्या मुलांचे आई-वडीलही त्यांत असतात. त्यामुळे सकाळच्या दोन तासांत इंग्लंड, अमेरिका, जर्मनी आणि महाराष्ट्र अशा चार व्यवस्थांची निंदा व स्तुती आयतीच कानी पडते. या लेखाचे बीज त्या बाकावर पडले.

एक सेवानिवृत्त शिक्षक संधिवातासाठी माझ्याकडे येतात. त्यांचे चिरंजीव इंग्लंडमधील लेस्टर येथे आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी चिरंजीवांना कित्येक महिने थांबावे लागले. दूरध्वनीवर दर रविवारी तेच रडगाणे. एकदा गुरुजी म्हणाले, “मग ती तुमची व्यवस्था काय कामाची?” त्यावर मुलगा एकदम म्हणाला, “अण्णा, तसं म्हणू नका. इथं कुणाचं घर विकून गुडघा होत नाही.” गुरुजींना याचे मोठे नवल वाटले. सारा आठवडा तक्रार करणारा मुलगा दुसऱ्याने तक्रार करताच चिडला!

हे नवल केवळ त्या घरचे नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. अन्युरिन बेव्हन हे तेव्हाचे आरोग्यमंत्री. सर्वांना सर्व उपचार, उपचाराच्या वेळी विनामूल्य, आणि खर्च कररूपाने, असे तिचे स्वरूप. तेथे १९८३ पासून लोकमताची जी नियमित पाहणी होते, तिच्यात या सेवेविषयी समाधान व्यक्त करणाऱ्यांचे प्रमाण २०१० साली ७० टक्के होते. २०२४ साली ते २१ टक्क्यांवर आले. तोवरच्या नोंदींतील हा नीचांक होय. इंग्लंडमधील प्रतीक्षायादीने २०२३ च्या सप्टेंबरात सत्त्याहत्तर लाखांचा आकडा ओलांडला होता. इतके असूनही, सेवा विनामूल्यच असावी काय असे विचारले असता दहांतील सुमारे नऊ जण होय म्हणतात. म्हणजे लोकांचा राग सेवेच्या स्थितीवर आहे, तिच्या तत्त्वावर नाही. आढ्यत्व समाजाकडे गेले की रुग्णाची तक्रार पैशाकडून काळाकडे सरकते. ‘परवडत नाही’ याऐवजी ‘पाळी येत नाही’ असे तो म्हणतो. दोन्ही दुःखे खरी आहेत. पण दुसऱ्या दुःखात शेजारीही सहभागी असतो, आणि म्हणून ते मतपेटीपर्यंत पोहोचते.

येथे एक गोष्ट सहज आठवते. करोनाकाळात २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवल्या आणि २६ मार्चपासून दर गुरुवारी ब्रिटिश लोकांनी दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या. आपण थाळ्या वाजवल्या त्या डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्यासाठी. ब्रिटिशांनीही माणसांसाठीच टाळ्या वाजवल्या, परंतु खिडक्यांवर लावलेल्या चित्रांत बहुधा संस्थेच्या नावाची तीन आद्याक्षरे असत. एखाद्या सरकारी खात्याचे नाव कौतुकाने रंगवून मुलांनी खिडकीत चिकटवावे, ही कल्पना आपल्याकडे सहजासहजी सुचणार नाही.

कॅनडाची गोष्ट याहून बोलकी आहे. सस्कॅचवान प्रांताने १९६२ साली सर्वांसाठी वैद्यकीय विमा आणला, तेव्हा तेथील डॉक्टरांनीच सुमारे तीन आठवडे संप केला होता. पुढे हीच पद्धत देशभर पसरली. २००४ साली तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीने सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण असा कौल घेतला, तेव्हा लोकांनी खेळाडू वा सेनानी न निवडता टॉमी डग्लस यांना निवडले. सस्कॅचवानचे मुख्यमंत्री म्हणून ही योजना उभी करणारे ते गृहस्थ. व्यावसायिकांच्या संघटनांना एखादी व्यवस्था आरंभी जाचक वाटते आणि चाळीस वर्षांनी तीच राष्ट्राची ओळख होते. आपल्यासारख्या संघटनेने हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. प्रतीक्षेच्या तक्रारी तेथेही आहेत, आणि रुग्णालयाबाहेर घेतलेल्या औषधांचा खर्च बहुतांश कुटुंबांना अन्य मार्गाने भागवावा लागतो, हेही सांगितले पाहिजे.

जर्मनीने हा मार्ग सर्वांत आधी धरला. बिस्मार्क यांच्या काळात, १८८३ साली, कामगारांचा आजारविमा कायद्याने सुरू झाला. आज तेथील सुमारे नव्वद टक्के लोक सार्वजनिक विमानिधींचे सदस्य आहेत. वेतनातून मोठी रक्कम कापली जाते आणि त्याविषयी फारशी ओरड होत नाही. परंतु २००४ साली दवाखान्यात प्रथम जाताना दर तिमाहीस दहा युरो भरण्याचा नियम आला. रक्कम किरकोळ, पण लोकांना ती इतकी सलली की २०१३ च्या आरंभी नियम रद्द करावा लागला. वेतनातून गेलेला पैसा हा समाजाचा. वैद्याच्या दारात काढलेला पैसा हा आपला. खिशात हात घालण्याची कृतीच माणसाला बोचते, मग रक्कम कितीही असो. रोज पन्नास-शंभर वेळा ही कृती आपल्यासमोर घडते, म्हणून आपल्याला ती दिसेनाशी झाली आहे.

अमेरिकेविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात: तेथे जगातील सर्वोत्तम उपचार मिळतात, किंवा तेथे आजारी पडणे म्हणजे दिवाळे. दोन्हींत तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनवाढीवर निर्बंध आले, तेव्हा मालकांनी कामगारांना विम्याचे आमिष दाखवले आणि विमा नोकरीला जोडला गेला तो कायमचाच. १९६५ साली वृद्धांसाठी व गरिबांसाठी सरकारी विमा आला; २०१० च्या कायद्याने आणखी बरेच लोक विम्याखाली आले. तेथील पाहण्यांत एक विसंगती वर्षानुवर्षे दिसते. स्वतःला मिळालेले उपचार चांगले आहेत असे बहुसंख्य लोक म्हणतात, पण देशातील व्यवस्था चांगली आहे का असे विचारले की तेच लोक मान हलवतात. विशेष म्हणजे एकूण आरोग्यखर्चातील रुग्णाच्या खिशातून थेट जाणारा वाटा तेथे सुमारे अकरा टक्केच आहे, म्हणजे आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. मग भीती कशाची? किती बिल येईल हे आधी कळत नाही, याची. अनिश्चित खर्च हा मोठ्या खर्चाहून अधिक भयावह असतो. रोग्याचा ‘अभीरुत्व’ हा गुण चरकाचार्यांनी का सांगितला असावा, याचा एक अर्थ येथे लागतो.

खराडीतील एका काकूंची कन्या न्यू जर्सीत असते. बाळंतपणासाठी काकू सहा महिने तिकडे जाणार होत्या. परदेशी पाहुण्यांच्या प्रवासविम्यात पूर्वीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणून त्यांनी सहा महिन्यांची औषधे येथूनच बांधून घेतली. शिवाय बाळासाठी बाळगुटीचे सामान आणि काजळाची डबी. दोन दिवसांनी त्या ओशाळून परत आल्या. “मुलगी म्हणते, यातलं काहीएक आणू नकोस. तिथले बालरोगतज्ज्ञ विचारतात, डबीत काय आहे ते लिहून द्या. आता मी काय लिहून देऊ?”

औषधालयचालक बंधूंनी या प्रश्नावर क्षणभर थांबावे. तेथील डॉक्टरांचा हा अविश्वास केवळ पूर्वग्रह नव्हे. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००४ आणि २००८ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. दुसऱ्यात आंतरजालावरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदीय उत्पादने तपासली होती. सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, आणि ती भारतात तयार झालेली होती तशी अमेरिकेत तयार झालेलीही होती. रसौषधींत हे प्रमाण स्वाभाविकच अधिक होते. सुरमा व काही काजळांतही शिसे आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि लहान मुलांच्या रक्तातील शिसे ही तेथील सार्वजनिक आरोग्याची मोठी चिंता आहे. शोधन-मारणादी संस्कारांविषयीचे आपले शास्त्रीय म्हणणे मांडण्याचा अधिकार आपल्याला आहेच; परंतु लेबलावर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक आणि तपासणीचा दाखला नसलेली पुडी विमानात बसवून देताना ते म्हणणे आपल्या कामी येत नाही. निर्यातीच्या औषधांसाठी जड धातूंची तपासणी भारत सरकारने २००६ पासून बंधनकारक केली. खराडीतल्या दुकानातून काकूंच्या पेटीत जाणारी पुडी कायद्याच्या भाषेत निर्यात नसेल, पण न्यू जर्सीतील डॉक्टरला ती निर्यातच वाटते. काकूंना मी गुटी व काजळ नेऊ नका असे सांगितले आणि त्यांच्या स्वतःच्या औषधांची घटकांसह टंकलिखित यादी दिली. ती यादी करताना एका चूर्णातील घटक मला दुकानात विचारावे लागले आणि दुकानदाराला कारखान्यात!

ज्या देशांत परंपरागत वैद्यक राष्ट्रीय व्यवस्थेच्या आत आहे, तेथे लोकांची वृत्ती कशी असते? आपल्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

स्वित्झर्लंडमध्ये १७ मे २००९ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी पूरक वैद्यकाला राज्यघटनेत स्थान दिले. त्यानंतर होमिओपॅथी, वनस्पतिचिकित्सा, पारंपरिक चिनी वैद्यक आदी पाच पद्धती मूलभूत विम्यात आल्या. अट अशी की चिकित्सक हा त्या पद्धतीचे अधिक शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा. त्या पाचांत आयुर्वेद नाही. २०१५ नंतर निसर्गोपचारकांच्या राष्ट्रीय पदविकेत मात्र आयुर्वेद ही एक शाखा म्हणून मान्य झाली. थायलंडने २००२ साली केवळ तीस बाटमध्ये उपचार देणारी योजना आणली आणि तिच्यात परंपरागत थाई वैद्यकालाही जागा ठेवली. ज्यांनी ती आणली त्यांची सत्ता २००६ साली लष्कराने उलथली. योजना मात्र कोणालाही मोडता आली नाही.

जपानचे उदाहरण अधिक विस्ताराने पाहू. चीनमधून आलेले आणि जपानात रुजलेले तेथील परंपरागत वैद्यक म्हणजे काम्पो. मेइजी काळात परवान्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा सक्तीची झाली. परंपरागत वैद्यांनी स्वतंत्र परवान्याची मागणी केली. १८९५ साली जपानी संसदेने ती फेटाळली. अशा रीतीने वैद्य संपला. औषध मात्र तगले. १९६१ साली जपानमध्ये सर्व नागरिक विम्याखाली आले. १९६७ साली काही काम्पो कल्प विम्याच्या सूचीत घेतले गेले, १९७६ साली ती सूची मोठी झाली, आणि आज १४८ कल्प तीत आहेत. कोणताही डॉक्टर ते लिहून देतो आणि रुग्ण इतर औषधांप्रमाणेच ठरलेला वाटा, बहुधा तीस टक्के, भरतो. २००१ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमातही काम्पोचा अंतर्भाव झाला.

२००९ च्या नोव्हेंबरात जपान सरकारच्या खर्चकपात समितीने काम्पो विम्यातून वगळण्याची सूचना केली. संघटनांनी सह्यांची मोहीम काढली आणि अवघ्या तीन आठवड्यांत नऊ लाखांहून अधिक सह्या जमल्या. सूचना मागे पडली. या नऊ लाखांतील सारेच काम्पोचे अभिमानी होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांतील अनेकांना एवढेच ठाऊक असावे की, आपली आई गेली पंधरा वर्षे घेत असलेल्या औषधाचे पैसे उद्यापासून तिप्पट होणार. व्यवस्थेतील स्थान म्हणजे सन्मानपत्र नव्हे. रुग्णाच्या घरखर्चात आपल्याला मिळालेली ती जागा आहे, आणि ती जागा जाऊ लागली की लोक उठतात.

उद्या महाराष्ट्रात असा प्रसंग आला तर आपल्यासाठी किती सह्या होतील? हा प्रश्न मी उपरोधाने विचारत नाही. आपल्या राज्यात जपानच्या नेमके उलट चित्र आहे. तेथे वैद्य गेला आणि औषध आत राहिले. येथे वैद्य आत आहे आणि औषध बाहेर. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेद पदवीधरांनी हजारोंच्या संख्येने काम केले आहे. दुर्गम तालुक्यांतील सार्वजनिक आरोग्यसेवेचा भार बऱ्याच अंशी त्यांनी उचलला. पण तेथे रुग्णाच्या हाती पडते ते बहुधा आधुनिक औषध. त्यामुळे गावाला तो ‘सरकारी डॉक्टर’ म्हणून ठाऊक असतो. त्याचे शास्त्र गावाला ठाऊक नसते.

या स्थितीची मुळे बरीच मागे जातात. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैशाअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तिचे मध्यवर्ती सूत्र होते. परंतु देशी वैद्यकाला तिच्या आराखड्यात स्थान नव्हते. म्हणून त्याच वर्षी चोप्रा समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९४८ साली आला. ब्रिटनची आरोग्य सेवा त्याच वर्षी सुरू झाली आणि आपला कर्मचारी राज्य विमा कायदाही त्याच वर्षीचा. ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वांची मिळून एक व्यवस्था झाली; आपल्याकडे कामगारांची एक, केंद्रीय कर्मचाऱ्यांची पुढे दुसरी, गरिबांची तिसरी, अशा कप्प्यांची रचना झाली.

म्हणूनच आपल्या लोकांच्या तोंडी ‘आपली आरोग्यव्यवस्था’ हा शब्दप्रयोग येत नाही. ते विचारतात, “हे योजनेत बसतं का? कार्ड चालतं का?” १९९७ ची जीवनदायी, २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असा प्रवास झाला. २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवाही निःशुल्क झाली. कागदावर ही मोठी मजल आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणारा खर्च २००४-०५ मध्ये सुमारे ६९ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये सुमारे ३९ टक्क्यांवर आला. तरीही आमच्या बाकावरचा सुरक्षारक्षक, ज्याच्या वेतनातून दरमहा विम्याचे पैसे कापले जातात, तो त्या विम्याला ‘कापतात ते’ एवढेच म्हणतो. त्याने त्या कार्डाचा कधी उपयोग केलेला नाही. सुखवस्तू माणसाने सरकारी रुग्णालयात जायचे नाही आणि गरिबाने नाइलाजाने जायचे, अशी वाटणी झाली की ती संस्था कोणाचीच होत नाही. ब्रिटनमध्ये मंत्री आणि झाडूवाला एकाच यादीत असतात, निदान असू शकतात. तेथील आपुलकीचे मूळ त्यात आहे असे मला वाटते.

या साऱ्या कप्प्यांच्या बाहेर आपला रुग्ण उभा असतो. शासकीय व धर्मादाय आयुर्वेद रुग्णालये आणि केंद्रीय योजनेचे काही आयुर्वेदीय दवाखाने सोडले, तर आयुर्वेदाचा रुग्ण जवळजवळ सर्वत्र स्वतःच आढ्य असतो. त्याची तक्रार कोणत्याही पाहणीत उमटत नाही, कारण तो तक्रार करतच नाही. महिनाभर काढा घेतो, पैसे पुरेनासे झाले की यायचा थांबतो. ‘गुण आला नाही म्हणून गेला’ अशी आपण मनाशी नोंद करतो. त्यांतील कितीजण गुण येऊनही गेले, याची मोजदाद आपल्यापैकी कोणी ठेवलेली नाही. मीही ठेवलेली नाही.

आयुर्वेदीय उपचारांना विम्यात इतर उपचारांप्रमाणेच स्थान द्यावे, असा निर्देश विमा नियामक प्राधिकरणाने दिला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दार उघडले आहे. पण त्या दाराची चौकट आपल्यापैकी अनेकांना अपरिचित आहे. किमान पाच खाटा, चोवीस तास अर्हताप्राप्त वैद्य, चिकित्सेसाठी स्वतंत्र कक्ष, आणि रोजच्या नोंदी असे रुग्णालयाच्या व्याख्येत अपेक्षित असते. केवळ स्वास्थ्यवर्धनासाठी किंवा आरामासाठी केलेले उपक्रम वगळलेले असतात. आंतररुग्ण म्हणून ठेवणे आवश्यक का होते, हे कागदावरून दिसावे लागते.

येथे माझ्या स्वतःच्या चुकीची कथा सांगणे भाग आहे. जवळच्या एका कंपनीत काम करणाऱ्या, तिशीतील एका अभियंता भगिनींना गृध्रसीचा त्रास होता. बस्तिक्रमासाठी मी त्यांना एका आयुर्वेद रुग्णालयात दाखल होण्यास सांगितले. गुण चांगला आला. विम्याचा दावा मात्र नामंजूर झाला. बाह्यरुग्ण म्हणूनही हे उपचार शक्य होते, दाखल करण्याचे कारण नोंदलेले नाही, असे उत्तर आले. मी माझी चिठ्ठी काढून पाहिली. तिच्यावर तीनच शब्द होते: गृध्रसी, बस्ती, आंतररुग्ण. वेदनेची तीव्रता, चालता येण्याचे अंतर, आधी झालेल्या तपासण्या, बाह्यरुग्ण म्हणून केलेले आणि अयशस्वी ठरलेले उपचार, हे सारे माझ्या डोक्यात होते. कागदावर काही नव्हते. आपण विमा कंपन्यांना दोष देतो आणि तो अनेकदा रास्त असतो. या प्रकरणी मात्र उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दुसरा पर्याय मी ठेवलाच नव्हता.

त्या भगिनी दोन वर्षे जर्मनीत राहून आलेल्या. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “डॉक्टर, तिकडे पाठ दुखली तेव्हा कार्ड दाखवलं आणि आत गेले. इथं मला असं वाटलं, की मी मालिश करून घेतलं आणि आता त्याचे पैसे मागतेय.” अठ्ठावीस हजार रुपयांपेक्षा हे वाक्य मला महाग पडले.

तेव्हापासून दवाखान्यात केसपेपर दोन पानांचा केला आहे. निदान संस्कृत संज्ञेत आणि तिच्याखाली कोणाही डॉक्टरला कळेल अशा शब्दांत. वेदना व हालचाल यांची मोजमापे. दाखल करण्याचे कारण दोन-तीन पूर्ण वाक्यांत. शेजारच्या औषधालयाशी बोलून पावतीवर कल्पाचे पूर्ण नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक छापून घेण्याची सोय केली. आरंभी त्यांनी कुरकूर केली. चूर्णाच्या पुड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. काकूंच्या यादीची आठवण दिल्यावर ते तयार झाले. सकाळचे सहा-सात रुग्ण या लिखाणामुळे कमी पाहून होतात, हेही खरे आहे.

गेल्या वर्षाऋतूत त्या अभियंता भगिनी पुन्हा बस्तीसाठी दाखल झाल्या. या वेळी चिठ्ठी दीड पानाची होती आणि रुग्णालयाने रोजच्या नोंदी जोडल्या होत्या. विमा कंपनीने आणखी एक कागद मागितला, तो आम्ही पाठवला. त्यावरचे उत्तर अद्याप आलेले नाही.